लाकडातील ओल, लाकडाची कीड आणि लाखेचे कवच : वाराणसीच्या घरगुती कातशाळेतील धडे

वाराणसी शहराच्या अर्थव्यवहारात यंत्रावर काम करणाऱ्या हातांना मोठे स्थान आहे. १९६१ साली येथे स्थापन झालेल्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्स या रेल्वे कारखान्यातून जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर पडले. २०२० पासून हा कारखाना बनारस लोकोमोटिव्ह वर्क्स या नावाने ओळखला जातो. लेथ, मिलिंग आणि ड्रिलिंग यंत्रांवर आयुष्य घालविलेल्या मशिनिस्ट, टर्नर आणि फिटर यांच्या अनेक पिढ्या या कारखान्याने घडविल्या. याच शहरातील खोजवाँ आणि काश्मिरीगंज या भागांत मात्र फार जुन्या काळापासून दुसऱ्या प्रकारचा लेथ फिरत आला आहे. त्यावर लाकूड कातून, लाखेचे रंग चढवून खेळणी, सिंदुराच्या डब्या आणि मूर्ती तयार होतात. वाराणसीच्या या लाखकाम केलेल्या लाकडी वस्तूंना भौगोलिक मानांकनही प्राप्त झाले आहे.

निवृत्तीनंतर घराच्या पडवीत लहानसा लेथ मांडून लाकूडकामाकडे वळणारा यांत्रिक कारागीर हा आता केवळ शहरी प्रकार राहिलेला नाही. ग्रामीण महाराष्ट्रातही कारखान्यातून निवृत्त होऊन शेतीकडे परतलेल्या, हातात कसब असलेल्या व्यक्ती अशा कातशाळा उभारताना दिसतात. बांधावरील झाडांची छाटणी, वठलेली आंब्याची खोडे, शेताच्या कडेचा पांगारा किंवा निलगिरी हा त्यांचा कच्चा माल असतो. त्याच ओंडक्याचा निवडक भाग लेथवर जातो, उरलेला चुलीत किंवा हिवाळ्याच्या शेकोटीत जातो आणि काही तुकडे धान्याच्या खोलीत किंवा पोटमाळ्यावर ‘पुढे उपयोगी पडतील’ म्हणून ठेवले जातात.

या तीनही ठिकाणी लाकडाचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरते : त्यातील ओल किती आहे आणि त्यात कीटकांना पोसणारे अन्न किती आहे. ओल वेळेवर काढली नाही तर वस्तू तडकते आणि चूल धुमसते. कीड आत असताना वस्तूवर लाख चढविली तर काही महिन्यांनी त्या चकचकीत कवचातूनच पीठ गळू लागते. म्हणून वाळवण आणि कीड-तपासणी या दोन कामांना घरगुती कातशाळेत पटाशीइतकेच महत्त्व दिले पाहिजे.

लोखंडाचे माप आणि लाकडाचे माप

धातूवर काम केलेल्या कारागिरास मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत अचूकतेची सवय असते. लोखंडाचा गोल दांडा आज कातला तर महिन्यानंतरही तो गोलच राहतो. ओले लाकूड मात्र कातल्यानंतरही आकार बदलत राहते. लाकडातील पाणी दोन रूपांत असते. पेशींच्या पोकळीतील मोकळे पाणी प्रथम निघून जाते; त्याने वजन घटते, पण आकारात फारसा फरक पडत नाही. पेशींच्या भित्तिकांत धरून ठेवलेले पाणी निघू लागले की लाकूड आक्रसते. वाळलेल्या लाकडाच्या वजनाशी तुलना करता ओल सुमारे ३० टक्क्यांखाली उतरली की हे आक्रसणे सुरू होते.

आक्रसण्याचे प्रमाण सर्व दिशांना सारखे नसते. पूर्ण ओल्या अवस्थेपासून पूर्ण वाळेपर्यंत वार्षिक वलयांच्या दिशेने ते बहुतेक जातींत ५ ते १० टक्के असते, गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या साधारण निम्मे असते, तर लांबीच्या दिशेने नगण्य असते. त्यामुळे ओल्या लाकडातून गोल कातलेली डबी वाळल्यावर लंबगोल होते आणि तिचे झाकण बसत नाही. अखंड ओंडक्याला गाभ्यापासून सालीपर्यंत सरळ चीर पडते, तीही याच असमान आक्रसण्यामुळे. गाभा मध्ये न ठेवता ओंडका उभा चिरून दोन भाग केल्यास हा ताण बराच कमी होतो.

पीठ कोणाचे? छिद्रावरून ओळख

लाकडाखाली पीठ दिसले की सर्वसाधारणपणे ‘घूण लागली’ किंवा ‘वाळवी लागली’ असे म्हटले जाते. परंतु लाकूड पोखरणारे कीटक अनेक असून प्रत्येकाचे अन्न, ओलीची गरज आणि उपाय वेगळा आहे. विस्तार कार्यकर्त्याने प्रथम छिद्राचा आकार आणि भुशाचा पोत पाहावा.

*पीठ पाडणारे भुंगेरे.* लिक्टस वर्गातील हे तपकिरी, चपटे भुंगेरे ३ ते ७ मिलिमीटर लांबीचे असतात. भारतात लिक्टस आफ्रिकॅनस ही जाती सर्रास आढळते. बाहेर पडण्याची छिद्रे गोल, १ ते २ मिलिमीटर व्यासाची असतात. पीठ टाल्कम पावडरसारखे मऊ असते आणि बोटांत चोळल्यास खरखर लागत नाही. वाळलेल्या, घरात ठेवलेल्या रुंदपर्णी झाडांच्या लाकडाचा हा प्रमुख शत्रू आहे.

*बॉस्ट्रिचिड भुंगेरे.* सायनोझायलॉन आणि डायनोडेरस हे त्यांतील सर्वपरिचित गट होत. शरीर नळीसारखे, डोके वरच्या टोपीसारख्या भागाखाली झुकलेले असते. यांतील प्रौढ मादी स्वतःच लाकडात बोगदा करून अंडी घालते. नुकतेच तोडलेले, वाळत ठेवलेले लाकूड आणि सालीसकट रचलेले सरपण यांना सायनोझायलॉन लागतो, तर बांबूला डायनोडेरस लागतो. सायनोझायलॉनची छिद्रे लिक्टसच्या छिद्रांपेक्षा मोठी, साधारण ३ मिलिमीटर असतात आणि भुसा किंचित रवाळ असतो.

*लांब शिंगांचे भुंगेरे.* यांच्या अळ्या जाड, पांढऱ्या आणि सशक्त जबड्यांच्या असतात. आंब्याच्या खोडात शिरणारा बॅटोसेरा हा बागायतदारांच्या परिचयाचा आहे. स्ट्रोमॅशियम बार्बेटम ही जाती वाळलेल्या लाकडातही अनेक वर्षे गुप्तपणे वाढू शकते. छिद्रे मोठी व लंबगोल असतात. रात्रीच्या शांततेत लाकडातून कुरतडण्याचा आवाज येत असल्यास बहुधा हीच अळी असते.

*बुरशी पोसणारे भुंगेरे.* ताज्या ओल्या ओंडक्यावर टाचणीएवढी छिद्रे पडतात आणि त्यांच्या कडा काळपट होतात. हे कीटक लाकूड खात नाहीत. बोगद्यात वाढविलेल्या बुरशीवर जगतात. लाकूड वाळले की बुरशी मरते आणि कीडही संपते. वाळलेल्या फळीवरील अशी जुनी, काळ्या कडांची, पीठरहित छिद्रे पाहून औषध मारण्याची गरज नसते.

*वाळवी.* जमिनीतून येणारी वाळवी मातीच्या नळ्या बांधते आणि भुसा बाहेर टाकत नाही. कोकणासारख्या दमट भागात कोरड्या लाकडातील वाळवीही आढळते. ती खसखशीसारखे कठीण, सहा कडांचे दाणे बाहेर टाकते. तेव्हा दाणे, पीठ आणि माती या तीन खुणा वेगळ्या ओळखता आल्या तर निम्मे निदान जागेवरच होते.

कीड कोणत्या लाकडाला लागते?

लिक्टसच्या अळीस लाकडातील सेल्युलोज पचविता येत नाही. तिचे पोषण लाकडात साठलेल्या पिष्टावर आणि शर्करेवर होते. हे अन्न सालीलगतच्या फिकट रंगाच्या रसकाष्ठात असते. आतल्या गडद गाभ्यात पिष्ट नसते, म्हणून गाभा या किडीपासून सुरक्षित राहतो. सागाच्या जुन्या तुळईचा मधला भाग निर्दोष आणि कडेची पांढरी पट्टी मात्र चाळण झालेली दिसते, ती यामुळेच.

दुसरी अट लाकडातील वाहिन्यांची आहे. लिक्टसची मादी लाकूड पोखरून अंडी घालीत नाही. आपली सोंडेसारखी अंडनलिका लाकडाच्या उघड्या वाहिनीत सरकवून अंडी आत ठेवते. वाहिनीचे तोंड अरुंद असेल तर तिला अंडी घालता येत नाहीत. चीडसारख्या सूचिपर्णी लाकडात अशा वाहिन्याच नसतात, त्यामुळे त्याला लिक्टस लागत नाही. वाहिन्यांची तोंडे सर्वाधिक संख्येने उघडी असतात ती ओंडक्याच्या आडव्या कापाच्या टोकावर. म्हणूनच टोकाकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

वाराणसीच्या खेळण्यांसाठी पूर्वी मिर्झापूर-सोनभद्रच्या जंगलातील कोरैया, म्हणजे आपला कुडा, वापरला जाई. जंगलातील तोडीवर निर्बंध आल्यावर निलगिरीसारख्या लागवडीच्या लाकडाचा वापर वाढला. सावंतवाडीचे चितारी पांगाऱ्याचे हलके लाकूड वापरत आले आहेत. कर्नाटकातील चन्नपट्टणची खेळणी काळ्या कुड्याच्या पांढऱ्या, मऊ लाकडाची असतात. फिकट, मऊ, एकसारख्या पोताचे लाकूड कातण्यास सोपे आणि रंगास अनुकूल असते. कारागिराला हवे असलेले हे पांढरे लाकूड बहुधा रसकाष्ठच असते आणि कीटकालाही नेमके तेच हवे असते. लवकर वाढणाऱ्या, कोवळ्या वयात तोडलेल्या लागवडीच्या झाडांत गाभा कमी आणि रसकाष्ठ अधिक असल्याने हा प्रश्न आता पूर्वीपेक्षा अधिक भेडसावतो.

लाख : कीटकाने दिलेले कवच आणि त्याची मर्यादा

लाकूड खाणाऱ्या कीटकांपासून लाकडाचे रक्षण करणारा लेपही एका कीटकाचाच आहे. केरिया लॅक्का हा अतिसूक्ष्म कीटक पळस, बोर आणि कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखोंच्या संख्येने स्थिरावतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचे कवच स्रवतो. हे कवच म्हणजेच लाख. फांद्यांवरून खरवडलेली लाख धुऊन, वितळवून, पातळ पत्र्यासारखी ताणली की चपडा लाख तयार होते. तीत रंग मळून कांड्या करतात. लेथवर फिरणाऱ्या लाकडावर ही कांडी दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर समान पसरते. चपडा लाख साधारण ७५ ते ८० अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे वेगळी भट्टी लागत नाही. केवड्याच्या पानाने घासून चकाकी आणण्याची रीत अनेक कातकेंद्रांत प्रचलित आहे.

लाखेचा अखंड थर लाकडाच्या वाहिन्यांची तोंडे बंद करतो. लिक्टसच्या मादीला अंडी घालण्यास जागाच उरत नाही. सर्व बाजूंनी, तळासह आणि डबीच्या आतील भागासह लाख दिलेल्या निरोगी वस्तूला ही कीड पुन्हा सहसा लागत नाही. पुष्कळदा खेळण्याचा तळ किंवा डबीचे आतले अंग ‘दिसत नाही’ म्हणून कोरे सोडले जाते. किडीला प्रवेशासाठी तेवढे पुरते.

परंतु लाख हे औषध नव्हे. लाकडात अंडी किंवा अळ्या अगोदरच असतील तर लेपामुळे त्या मरत नाहीत. उबदार हवामानात काही महिन्यांत, अन्यथा वर्षभरात, वाढ पूर्ण करून भुंगेरा लाखेचा थर आतून कुरतडून बाहेर पडतो. वस्तू तोपर्यंत ग्राहकाच्या घरी पोहोचलेली असते. कारागिराने विश्वासाने विकलेल्या खेळण्यातून पीठ गळू लागले की एक वस्तूच नव्हे, तर त्या कारागिराचे नावही डागाळते. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे : प्रथम वाळवण, नंतर कीड-नाश, मग कातकाम आणि शेवटी लाख. ओल्या लाकडावर लाख नीट धरतही नाही. आतील बाष्पामुळे फोड येतात आणि लाकूड आक्रसल्यावर थर तडकतो.

लाखेची मागणी ही लाख उत्पादकांच्याही हिताची बाब आहे. गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांत पळसाची झाडे विपुल आहेत. पळस व बोरीवर रंगीनी लाखेची पावसाळी ‘कातकी’ आणि उन्हाळी ‘बैसाखी’ अशी दोन पिके घेता येतात. कुसुमावर कुसमी लाख घेतली जाते. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली स्थापन झालेली भारतीय लाख संशोधन संस्था आता राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था या नावाने कार्यरत असून लाखशेतीचे शास्त्रीय तंत्र तेथे विकसित झाले आहे. लाखेलाही शत्रू आहेत. युब्लेमा आणि स्यूडोहायपॅटोपा या पतंगांच्या अळ्या लाखकीटक खातात. दुसऱ्या पतंगाची अळी साठविलेल्या लाखेतही राहते. बीजलाखेच्या कांड्या ६० मेशच्या नायलॉन जाळीच्या पिशवीत घालून झाडाला बांधल्यास लाखेची पिल्ले जाळीतून बाहेर जातात आणि शत्रूकीटक आत अडकतात. पिल्ले निघून गेलेल्या कांड्या, म्हणजे ‘फुंकी’, सुमारे तीन आठवड्यांत उतरवून लगेच खरवडाव्यात.

वाळवणीचे वेळापत्रक

वाराणसीच्या हवामानात वर्षाचे तीन भाग ठळक पडतात : एप्रिल ते जूनमधील कोरडी उष्ण ‘लू’, जुलै ते सप्टेंबरमधील दमट पावसाळा आणि डिसेंबर-जानेवारीतील धुक्याचा गारठा. विदर्भ-मराठवाड्यात धुके कमी असले तरी उन्हाळा तितकाच कोरडा असतो. यावरून वाळवणीचा क्रम ठरतो.

झाडाची तोड किंवा छाटणी आवश्यक त्या परवानगीनिशी हिवाळ्यात करावी. थंडीत बहुतेक भुंगेरे मंद असतात. तोडल्यानंतर ओंडके जमिनीवर पडू देऊ नयेत. साल त्वरित काढावी, कारण लांब शिंगांचे अनेक भुंगेरे सालीच्या खाचांत अंडी घालतात आणि साल ओलही धरून ठेवते. ओंडके उभे चिरून त्यांच्या दोन्ही टोकांना मेण, लाख किंवा जाड रंग लावावा. या एका कृतीने दोन कामे होतात : टोकाकडून पाणी झपाट्याने उडून पडणाऱ्या चिरा टळतात आणि लिक्टसला अंडी घालण्याचा मुख्य दरवाजा बंद होतो.

चिरलेले लाकूड विटांच्या किंवा दगडांच्या पायावर, जमिनीपासून किमान वीतभर उंच, दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत रचावे. वर पत्रा किंवा कौले असावीत, बाजू मोकळ्या असाव्यात. प्लॅस्टिकने चहूबाजूंनी गुंडाळलेली रास वाळत नाही, तिला बुरशी येते. कातकामाच्या लाकडास तीव्र ऊन थेट लागू देऊ नये. सरपणास मात्र ऊन हितकारक असते. पाऊस सुरू होण्यापूर्वी वाळलेला माल छपराखाली गेला पाहिजे.

लाकूड वाळले की नाही, हे ठरविण्यास ओलमापक यंत्र असल्यास उत्तम. नसल्यास तराजू पुरेसा आहे. राशीतील दोन-तीन तुकड्यांवर खूण करून दर आठवड्यास त्यांचे वजन नोंदवावे. सलग तीन आठवडे वजन स्थिर राहिले म्हणजे लाकूड हवेशी समतोल साधले असे समजावे. कातकामासाठी वाळलेल्या लाकडाच्या वजनाच्या १० ते १२ टक्के ओल योग्य असते. मापे आणि वजने नोंदविण्याची निवृत्त मशिनिस्टची सवय येथे उपयोगी पडते.

कीड मारण्याचे सुरक्षित मार्ग

हवेत वाळविल्याने बुरशी पोसणारे भुंगेरे थांबतात. लिक्टस थांबत नाही, कारण त्याला कोरडे लाकूडच मानवते. त्यासाठी उष्णता हा सर्वांत निर्धोक उपाय आहे. लाकडी वेष्टनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखावे लागते. हेच मोजमाप घरगुती कातशाळेसही उपयुक्त आहे. साधारण ५ सेंटीमीटर जाडीचे ठोकळे तासभर उकळत्या पाण्यात ठेवल्यास गाभ्यापर्यंत हे तापमान पोहोचते आणि काही विद्राव्य शर्कराही निघून जाते. त्यानंतर ठोकळे पुन्हा सावकाश वाळवावे लागतात. वाळलेले तुकडे उन्हाळ्यात काचेचे झाकण आणि आतून काळा रंग असलेल्या बंद पेटीत ठेवता येतात. सर्वांत जाड तुकड्यास भोक पाडून त्यात तापमापक बसवावा. पेटीतील हवा तापली म्हणजे लाकडाचा गाभा तापला असे गृहीत धरू नये.

बांबू, आढे, वासे यांसाठी बोरिक आम्ल आणि बोरॅक्स यांचे १ : १.५ प्रमाणात केलेले ५ टक्के द्रावण प्रचलित आहे. हे क्षार पाण्यात विरघळत असल्याने छपराखालील वापरासच ते योग्य ठरतात. भाजीपाल्याच्या उघड्या मांडवावर पावसाने ते धुऊन जातात. मुलांच्या खेळण्यांसाठी रसायनांऐवजी उष्णतेचाच अवलंब करावा. लहान मूल खेळणे तोंडात घालते, ही गोष्ट कीड-नियंत्रणाचा कोणताही सल्ला देताना विसरता कामा नये.

सरपण : चुलीत लाकूड जळते की पाणी?

डिसेंबर-जानेवारीत वाराणसीच्या गल्ल्यांत ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात. कातशाळेतील ढलप्या आणि तुकडे तेव्हा उपयोगी पडतात. मात्र येथेही ओलीचा हिशेब टळत नाही. ताज्या तोडीच्या लाकडाच्या एकूण वजनात निम्म्याच्या आसपास पाणी असू शकते. असे १० किलो सरपण पेटविले म्हणजे ५ लिटर पाणी आधी वाफेत रूपांतरित करावे लागते. ५० टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडापासून साधारण १,९०० किलोकॅलरी उपयुक्त उष्णता मिळते, तर २० टक्के ओल असलेल्या एक किलोपासून सुमारे ३,४००. वजनावर सरपण विकत घेणाऱ्या कुटुंबाने ओले लाकूड घेतले तर मोजलेल्या पैशांचा मोठा भाग पाण्यासाठी जातो. शिवाय थंड, ओल्या ज्वलनातून काजळी आणि धूर अधिक निघतो. तो चुलीजवळ बसणाऱ्या स्त्रिया व मुलांच्या फुप्फुसांत जातो.

लेथखालच्या भुशाचा सदुपयोग करण्यासाठी भुशाची शेगडी हा जुना, स्वस्त आणि उत्तम उपाय आहे. पत्र्याच्या डब्याच्या तळाशी बाजूला एक भोक ठेवतात. मध्ये उभी नळी धरून भोवती कोरडा भुसा घट्ट ठासतात, तळाच्या भोकातूनही एक दांडा आडवा घालून मार्ग ठेवतात आणि मग नळी व दांडा अलगद काढून घेतात. खालून पेटविल्यावर मधल्या पोकळीच्या भिंतीवरून भुसा संथपणे जळत राहतो. भुसा ओला असेल तर शेगडी केवळ धुमसते.

दोन इशारे महत्त्वाचे आहेत. पहिला : शेगडी, बोरसी किंवा निखाऱ्यांचे घमेले बंद खोलीत ठेवून कोणीही झोपू नये. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्यापूर्वीच तो प्राणघातक ठरतो. दुसरा : रंगविलेले लाकूड, प्लायवूड आणि रसायन-प्रक्रिया केलेले खांब जाळू नयेत, त्यांचा धूर आणि राख दोन्ही विषारी असू शकतात. कोऱ्या लाकडाच्या राखेत पालाश व चुना असतो, त्यामुळे ती परसबागेत माफक प्रमाणात वापरता येते. लाकडाच्या बारीक धुळीबाबतही दक्षता हवी. कठीण लाकडाची धूळ कर्करोगकारक घटकांत गणली गेली आहे. लेथजवळ मुखपट्टी आणि मोकळी हवा असावी.

कोठारातील धोका

गव्हा-तांदळाला पोखरणारा लहान भुंगेरा, रायझोपर्था डॉमिनिका, हा बॉस्ट्रिचिडी या कुळातीलच, म्हणजे लाकूड पोखरणाऱ्यांचा भाऊबंद आहे. तो लाकडातही बोगदे करू शकतो. खाप्रा भुंगेऱ्याच्या अळ्या तर लाकडाच्या भेगांत अन्नाशिवाय दीर्घकाळ दडून राहतात. म्हणून ‘पुढे उपयोगी पडतील’ असे लाकडी तुकडे धान्याच्या खोलीत ठेवू नयेत. कोठारातील जुन्या लाकडी फळ्या, पेट्या व मापे यांच्या भेगा दरवर्षी नवे धान्य भरण्यापूर्वी साफ करून उन्हात तापवाव्यात.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

कीडग्रस्त लाकडाचा प्रश्न समोर आल्यास पुढील क्रम अनुसरावा. प्रथम लाकडाखालील जागा झाडून काळा कागद पसरावा आणि आठवड्याने पाहावे. नवे पीठ पडले नसेल तर कीड जुनी असून औषधावरील खर्च टाळता येतो. पीठ पडले असल्यास पोत व छिद्र पाहून कीटक ओळखावा. वस्तू लहान असेल तर उष्णतेचा उपाय करावा. मोठ्या वास्याचा पोखरलेला रसकाष्ठाचा भाग तासून काढावा. अति कीडग्रस्त तुकडे ‘नंतर जाळू’ म्हणून राशीत ठेवू नयेत. ते पावसाळ्यापूर्वी, भुंगेरे बाहेर पडण्याआधीच सरपणात संपवावेत.

गावातील निवृत्त कारागीर, बचत गट आणि लाख उत्पादक यांना एकत्र आणता आले तर छाटणीच्या लाकडास चुलीपलीकडचे मूल्य मिळू शकते. त्यासाठी मोठ्या यंत्रांची आवश्यकता नाही. एक लेथ, एक तराजू, एक तापमापक आणि उन्हाळ्यापूर्वी विटांवर उंच रचलेली लाकडांची रास एवढ्यावर आरंभ करता येतो. मार्चमध्ये रचलेली रास जूनपर्यंत वाळते. ती रचण्याचे राहून गेले तर पुढचा पावसाळा त्या लाकडात बुरशी, कीड आणि ओल यांची भर घालून जातो आणि वर्ष वाया जाते.